शक्यतो

अग्निसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या समितीचं घोडं सकाळपासून एका शब्दावर अडलं होतं. ‘सभागृहाचे दार बाहेरच्या बाजूला उघडले पाहिजे,’ एवढंच वाक्य. पण बिल्डरांच्या प्रतिनिधीला त्यात ‘शक्यतो’ हवं होतं, आणि नियम एकमतानेच व्हायचा.

“अहो, घाबरलेली माणसं दार रेटतात,” निवृत्त अग्निशमन अधिकारी दादा घसा बसेपर्यंत सांगत होते. “आत उघडणारं दार मग उघडतच नाही.”

“सरतील की दोन पावलं मागे!” प्रतिनिधी हसला.

जेवणाची वेळ टळून गेली, तसे सगळेच कंटाळले. अखेर दादांनीही हात टेकले. ‘शक्यतो’ घातलं आणि एकमत झालं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या चहाच्या किटलीची वायर जळून धूर निघाला. सगळे दाराकडे धावले, प्रतिनिधी सगळ्यांच्या पुढे. दार आत उघडणारं. मागून असा रेटा आला, की त्याला ते तसूभरही ओढता येईना.

“मागे सरा!” तो दाराला चिकटून किंचाळला.

दादांनी किटलीचं बटण बंद केलं, पुन्हा खुर्चीत टेकले आणि बसक्या आवाजात म्हणाले, “सरा हो. शक्यतो.”