दोघींत एक ट्यूब

रत्नव्वाला खरूज झाली हे पुण्यात तिच्या लेकाला, महांतेशला कळलं तेव्हा त्याला आधी वाईट वाटलं आणि मग, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला. फार्मसी कॉलेजात तो गवती चहाच्या तेलाचं जेल बनवत होता. तेलाचे कण इतके बारीक केलेले, की ते कातडीत मुरून खरजेच्या किड्याला आतच गाठतील. डॉक्टरांना विचारून त्यानं चाचणीतली एक ट्यूब कोल्हापूरला आईच्या राजारामपुरीतल्या फ्लॅटवर धाडली. फोनवर बजावलं, "मानेपासून तळपायापर्यंत लाव, अव्वा. हात आखडू नगंस."

रत्नव्वानं हात आखडला नाही, पण ट्यूब निम्मी केली. निम्मी स्वतःला, निम्मी धोंडुबाईला.

धोंडुबाई पलीकडच्या गल्लीत भांडी घासायची. तीही एकटीच. नवरा गेल्यापासून रत्नव्वाला रिकाम्या घरात झोप येईना, म्हणून ही सोबतीला निजायला येई. एका वाकळेत दोघी पाठीला पाठ लावून पडत, त्यामुळं खरूजही दोघींना झालेली. बोलणं फारसं नसे, पण शेजारी कुणीतरी श्वास घेतंय एवढं रत्नव्वाला पुरे होतं. बिल्डिंगमध्ये चोरी झाल्यावर महांतेशनं तंबी दिली होती, परक्या बाईला घरात निजवायचं नाही. तेव्हापासून हे सगळं त्याला चोरून चाललेलं.

निम्म्या औषधानं खरूज निम्मीच गेली आणि पुन्हा उलटली. महांतेश तोंड पाडून कोल्हापूरला आला.

"सगळी लावलीस न्हवं?"

"व्हय की."

"मग जेलच कामाचं न्हाय." तो डोकं धरून बसला.

रत्नव्वाला दिसत होतं, आपल्या एका खोट्यापायी पोराची मेहनत मातीत चालली होती.

"जेलला नावं ठेवू नगंस," ती म्हणाली. "निम्मी धोंडुबाईला लावली. ती निजायला येती हितं."

महांतेशचा चेहरा उजळला. रागवायचंही तो विसरला. त्यानं दोघींना एकेक पूर्ण ट्यूब दिली, वाकळ उकळत्या पाण्यात घातली आणि धोंडुबाईला गोड शब्दांत सांगितलं, आता येत जाऊ नका. तिनं मान डोलावली. दुसऱ्या एका घरातून तिला सोबतीचं बोलावणं होतंच.

जेल चांगलं लागू पडलं. रत्नव्वाची कातडी स्वच्छ झाली. ती भिंतीला पाठ लावून पडायला लागली. भिंत गार असायची. तिला फार एकटं वाटायचं, पण हे कुठल्या डॉक्टरला सांगणार?

महिन्याभरानं महांतेशचा फोन आला. "काय म्हणतीया खाज?"

"गेली. आता अंगाला कोण लागत न्हाय."

महांतेश हसला. आईचं माहेरचं बोलणं कानडी, त्यामुळं तिचं मराठी तो शाळेत असल्यापासून दुरुस्त करत आला होता.

"कोण न्हवं अव्वा, काय. काय लागत न्हाय."

"व्हय, तेच ते," रत्नव्वा म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.