दारावरून जाणारी वाट

"डबा उघडायला एखादा जुना चमचा दे," आर्लेत दारातूनच म्हणाली. ती आत आली नाही. बुटांना चिखल होता हे एक कारण, आणि भावाचं तोंड बघायची इच्छा नव्हती हे दुसरं.

रेमोंने चमचा आणून दिला. तिने पायरीवर बसून झाकण उचकटलं. आतला रंग राखाडी होता, ओल्या सालीसारखा.

"आज पिवळा नाही?"

"पिवळा थोडासाच घेतलाय, शेवटच्या फुलीपुरता. पुसायला पिवळा कशाला लागेल?"

दरीतल्या पायवाटेच्या पिवळ्या खुणा आर्लेतच रंगवत आली होती. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करायची तेव्हा सुट्टीच्या दिवशी, आणि निवृत्त झाल्यावर मन मानेल तेव्हा. फांद्या छाटायच्या, काटेरी जाळ्या तोडायच्या, फिकट झालेल्या खुणांवर पुन्हा ब्रश फिरवायचा. पैसा नाही, कौतुक तर त्याहून नाही. आणि गेल्या आठवड्यात बेकरीच्या रांगेत, चारचौघांसमोर, पायवाट मंडळाच्या दिदिएने तिला विचारलं होतं, "रेमोंने शेत विकलं, तुला ठाऊक असेलच ना?" तिला ठाऊक नव्हतं. लिओं शहरातल्या एका जोडप्याने घर आणि रान घेतलं होतं, आणि त्यांची अट एकच होती: स्वयंपाकघराच्या खिडकीखालून परकी माणसं जाता कामा नयेत. जमीन खासगी, मालक नको म्हणाला की वाट बंद. दिदिए बिचारा म्हणाला, खुणा पुसायला दुसऱ्या कुणाला पाठवतो. आर्लेत म्हणाली, नको. आपण मांडलेलं आपणच आवरावं.

"मी सांगणारच होतो तुला," रेमों म्हणाला.

"कधी? सामान ट्रकमध्ये चढल्यावर?"

"तू चिडली असतीस."

"मग आता काय नाचतेय का मी?"

रेमों सत्तरी कधीच ओलांडून गेला होता. लग्न केलं नाही. आई गेल्यावर या घरात तो आणि शेळ्या, आणि दोन वर्षांपूर्वी खुबा निकामी झाल्यावर शेळ्याही गेल्या. आता तालुक्याच्या गावी वृद्धाश्रमात त्याला खोली मिळाली होती. हिवाळ्याच्या आत जायचं होतं. यात कुणाचं काय चुकलं होतं? कुणाचंच नाही, आणि म्हणूनच आर्लेतला राग धड काढताही येत नव्हता. नुसतं थकल्यासारखं वाटत होतं.

तिने तारेचा ब्रश काढला आणि कुंपणाजवळच्या ओकच्या झाडावरची खूण खरवडायला घेतली. मागे काठीचा आवाज आला.

"मी येतो."

"या खुब्याने?"

"उतारच तर आहे."

"आणि येताना?"

"येतानाचं येताना बघू. एवढी वर्षं लोक माझ्या दारावरून गेले, मी एकदा तरी जाऊन बघतो त्यांना काय सापडायचं ते."

"मग पुढे हो. आणि खुणा बघून चाल. जमीन तुझी असली तरी वाट माझी आहे."

तो पुढे झाला. दहा पावलांवर थांबून त्याने चेस्टनटच्या झाडावर तळहात टेकला, दम घेतला, आणि वरची पिवळी पट्टी एखादी पाटी वाचावी तशी वाचली. "हं, सरळ." तो सरकला की आर्लेत येऊन ती पट्टी खरवडायची, वर राखाडी रंग फिरवायची. मग झाडाच्या दुसऱ्या अंगाची, वर येणाऱ्यांसाठी काढलेली. असं ते उतरत राहिले. रेमों झाडाला टेकायचा, वाचायचा, पुढे जायचा. आर्लेत मागून पुसत यायची. पानगळीचे दिवस होते. पायाखाली चेस्टनटच्या काटेरी टरफलांचा चुरा होत होता आणि खालून नदीचा आवाज येत होता.

"ती हॉलंडची बाई आठवते?" रेमों म्हणाला. "दर उन्हाळ्यात यायची. हातात दोन काठ्या. मी म्हणायचो, बाई, बर्फ कुठंय? स्की विसरलात वाटतं."

"दर वर्षी तोच विनोद."

"तिला दर वर्षी हसू यायचं. तू नाही हसलीस कधी."

"मला तू बारा महिने होतास."

तो खिदळला आणि मग खोकला. "पाणी मागायचे सगळे. नळावर जा म्हटलं की नळ कुठंय विचारायचे. नळासमोर उभे राहून. शेवटी मी पाण्याचा जगच ठेवला खिडकीत."

"शिव्या देत."

"शिव्या तर द्यायलाच लागतात. नाहीतर बसतात येऊन. जर्मन पोरं एकदा जेवायलाच बसली."

"तूच बटाट्याचा रस्सा वाढलास त्यांना. मला सगळं कळायचं."

"कोण सांगायचं?"

आर्लेत एका बीचच्या झाडावरची खूण खरवडत होती आणि ती निघत नव्हती. रंग सालीत मुरला होता. तिने त्यावर दोनदा राखाडी फिरवला, तरी खालचा पिवळा किंचित दिसत राहिला. दिसू दे, ती मनात म्हणाली, आणि पुढे गेली.

खाली नदीवर लाकडी साकव होता. रेमों त्याच्या कठड्याला धरून उभा राहिला. इथे तो कित्येक वर्षांत आला नव्हता. ट्रॅक्टर उतरत नाही तिथे त्याला काही काम नसे. त्याने पलीकडे पाहिलं. पलीकडच्या काठाने एक वाट येत होती, रुंद, सपाट, आणि साकवाशी न वळता तशीच पाण्याच्या कडेने पुढे गिरणीकडे जात होती. तो बराच वेळ बघत राहिला.

"ही पलीकडची गिरणीपर्यंत जाते?"

"जाते."

"आधीपासून होती?"

"आजोबांच्या वेळेपासून."

"मग लोकांना साकव ओलांडून, हा सगळा चढ चढून माझ्या दारावरून नेऊन, पुन्हा खाली कशाला उतरवलंस? वर काय आहे? ना देखावा, ना देऊळ. शेणाचा ढीग होता."

आर्लेत डब्याचं झाकण दाबून बसवत होती.

"आई गेली तेव्हा नोव्हेंबर होता," ती म्हणाली. "तू आठवडाभर खिडक्यांच्या झडपा उघडल्या नव्हत्यास. मला नोकरी, घरी दोन पोरं. रोज येणं जमलं नसतं. म्हटलं, कुणीतरी जात राहील दारावरून. झडपा बंद दिसल्या तर खाली गावात बोलेल तरी."

रेमोंने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. नाकाने मोठा श्वास घेतला.

"मला वाटायचं, नकाशावाल्यांची चूक असेल."

"मंडळातल्या सगळ्यांनाही तसंच वाटायचं."

"आणि मी त्या अटीला लगेच हो म्हणालो. विचारही नाही केला."

"आता काय त्याचं," आर्लेत म्हणाली. "तू तिथे नसशील. मग त्या चढावर लोकांना दमवायचं कशाला?"

हे तिने त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं होतं. पण म्हटल्यावर तिला कळलं की ते खरंच आहे, आणि तेवढ्यात तिचे डोळे भरून आले. तिने पाठ फिरवली आणि पिवळा डबा उघडला. वर जाणारी वाट जिथे सुरू होते तिथल्या झाडावर तिने फुली काढली, दोन सरळ रेघा.

रेमों फुलीसमोर येऊन उभा राहिला.

"म्हणजे इकडून जायचं नाही."

"नाही."

"आणि आपण?"

"आपण जायचं. वर तुझं घर आहे."

चढ सुरू झाला. पहिल्याच वळणावर त्याला धाप लागली आणि सवयीने त्याचा हात झाडाकडे गेला.

"ओलाय," आर्लेत म्हणाली.

त्याने पुढच्या झाडाकडे पाहिलं, त्याच्या पुढच्याही. सगळ्यांवर राखाडी रंग ओला चमकत होता.

"धाकटे, एकही झाड ठेवलं नाहीस माझ्यासाठी."

ती एक पाऊल खाली येऊन त्याच्या शेजारी उभी राहिली. त्याने हात तिच्या खांद्यावर ठेवला आणि भार टाकला. तिने पाय रोवले होते, कारण तो जड असेल असं तिला वाटलं होतं. तो मुळीच जड नव्हता.