बंद खोलीपाशी

"जिना... च... चढ... चढताना..." छबूबाईचं बोट थांबलं.

"कोन चढतंय?" बनुबाईनं घास हातातच धरला. "ती नर्स, का दुसरंच कोन?"

"दम धर की. मला तरी कुटं ठावं हाय?"

मिरजगावच्या कांदा चाळीत जेवणाची सुट्टी होती. कांदे निवडणाऱ्या बारा बायका भाकरी विसरून छबूबाईच्या बोटाकडे बघत होत्या. साठी उलटल्यावर ती साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकली. वाचनालयातून आणलेली ही तिची पहिलीच कादंबरी. माळावरचा बंगला, तिथं नव्यानं आलेली नर्स, वरची कुलूपबंद खोली, आणि रोज भरून वर जाणारं, रिकामं खाली येणारं ताट. दोन महिने झाले होते. एका सुट्टीत दीड पान व्हायचं. एक शब्द लागून दुसरा लागेपर्यंत त्या जिन्यावर बायकांना नाही नाही ते दिसून जाई.

"छबू लई गुनाची. नेमकी भ्याच्या जागी थांबती," त्या म्हणत.

ती थांबत नव्हती, अडत होती. पण हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईला पहिल्यांदाच कुणी "पुढं काय?" असं विचारत होतं.

त्या दिवशी चाळमालकाची सून राजेश्वरी चहा घेऊन आली. बी.ए. झालेली, मनानं चांगली.

"मावशी, किती त्रास घेताय! द्या इकडं, मी वाचते."

उरलेली वीस पानं पंचवीस मिनिटांत संपली. आवाज कसा रेडिओसारखा स्वच्छ. खोलीत निघाली बंगल्याच्या धन्याची आई. त्यानं तिला कागदोपत्री मारली होती, तेराव्याचं जेवणसुद्धा घातलं होतं.

"एवढंच व्हय?" बनुबाई हात झटकत उठली. "मला वाटलं हडळ-बिडळ आसंल. छबे, आता नवं आन, पन वाचू दे ताईंनाच. तुजं वाचनं म्हंजी बैलगाडीनं नगर गाठनं!"

सगळ्या हसल्या. छबूबाईही हसली.

राजेश्वरीला रोज कुठला वेळ मिळायला? दुसऱ्या दिवसापासून बायका सुट्टीत मोबाईल बघू लागल्या. छबूबाई मात्र पुस्तक घेऊन जाळीच्या कडेला बसे. तिनं तो जिना पुन्हा धरला होता. ओठ हलायचे, आवाज फुटत नसे.

पंधरवड्यानं ती वर पोचली. कुलूप निघालं. दार ढकललं गेलं. आत कोण, हे तिला ठाऊकच होतं. तरी 'आ'वर बोट टेकलं तेव्हा छातीत धडधडायला लागलं. मग 'ई' लागली, आणि अंगावर सरसरून काटा आला.

तिनं मान वर करून पाहिलं. पलीकडे बायका मोबाईलवरच्या कशाला तरी हसत होत्या. इकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

तिनं पदर दंडावरून नीट ओढून घेतला, आणि तीच ओळ पुन्हा पहिल्या अक्षरापासून लावायला घेतली.