तारखेचा चौकोन

रुग्णालयाच्या साहेबांना नोंदणीच्या पानावरचा तारखेचा चौकोन खुपत होता. एका ब्राउझरमध्ये शेजारी कॅलेंडर दिसे, दुसऱ्यात नुसते बाण, तिसऱ्यात बोडकी चौकट. "सगळीकडे एकसारखं दिसू दे," ते म्हणाले, जणू मी भिंती रंगवायला आले होते. मी धुसफुसत ब्राउझरचा चौकोन लपवला आणि त्यावर माझा बसवला: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. कुठेही केसाइतका फरक नाही. तपासताना सवयीने माझी जन्मतारीख टाकली, अठ्ठावीस. बिनबोभाट गेली.

ताईच्या हृदयाची झडप बदलायची होती. "पाच मार्च. त्यापुढे एक दिवसही ढकलू नका," डॉक्टरांनी बजावलं होतं. ताईने हट्टाने स्वतःच नोंदणी केली, माझ्या पानावर. धाकटीचं कौतुक, दुसरं काय.

पाच मार्चला सकाळी नऊला मी रात्रपाळीच्या कामावरून परस्पर रुग्णालयात पोचले. ताई कुठेच दिसेना. खिडकीवरच्या बाईंनी स्क्रीन पाहिला.

"त्यांची तारीख तीन मे आहे. असं विचारणाऱ्या तुम्ही आज चौथ्या."

माझ्या चौकोनातली तारीख ब्राउझर आतून महिना आधी धरून वाचत होता. अठ्ठाविसावा महिना नसतो, म्हणून माझी तारीख त्याने निमूटपणे सुलट घेतली. पाच-तीनचं मात्र तीन मे केलं. वरून सगळं कसं छान, एकसारखं.

"दहाच्या आत आल्या तर डॉक्टर घेतील," बाई म्हणाल्या.

ताई घरीच होती, तिसऱ्या मजल्यावर. "अगं, पानावर मे महिना आला," ती फोनवर म्हणाली. "मलाही नवल वाटलं. पण तू केलेलं आहे, म्हटलं चुकणार कसं?"

"अक्कल गहाण टाकली होतीस का?" चूक माझी आणि बोलणी तिला. "आहेस तशी नीघ."

"लिफ्ट बंद आहे गं. आणि डॉक्टरांनी जिना नको म्हटलंय."

"उतरायचाच आहे ना? नीघ म्हणते ना मी."

"बरं बाई, नको ओरडूस. फोन चालूच ठेवते."

दार लागलं. चपला वाजू लागल्या. पहिल्या वळणापर्यंत ती माझ्याशी बोलत होती, मग नुसती धाप ऐकू यायला लागली. मी घाबरले. "ताई, थांब, खाली बस," मी म्हणाले. ती काहीतरी पुटपुटली, मला कळलं नाही. मग फोन एकेका पायरीवर आपटत खाली गेला.