जहाजावरचा खाडा

ही २०२३ सालची गोष्ट. राहात्यात डॉक्टर अश्विनीने दवाखान्यामागच्या खोलीत बसून समुद्रावरच्या जहाजांना सल्ला द्यायला सुरुवात केली होती. एका जहाज कंपनीशी तिचा वर्षाचा करार झाला होता. हिशेब सरळ होता. कुणी आजारी पडलं म्हणून जहाज बंदराकडे वळवलं, की इंधन आणि दिवस दोन्ही वाया जातात. डॉक्टरने पडद्यावर तपासून थोडी वळणं वाचवली, तरी तिची फी वसूल.

पहिल्याच महिन्यात पडद्यावर करण आला. पाथर्डीकडच्या ऊसतोड्यांचा मुलगा, जहाजावर स्वयंपाक्याच्या हाताखाली. शेजारी कॅप्टन उभा. करण घामाने डबडबलेला, पण म्हणत होता, "पोटात काई न्हाई मॅडम. गोळी द्या, कामाला लागतो."

खरं असेल तर जहाज सरळ जाईल, कंपनी खूश. खोटं असेल तर पोरगं हातचं जायचं. अश्विनीचा निर्णय होईना.

लेकीकडे राहायला आलेले तिचे वडील, कारभारी, चहा घेऊन आत आले आणि ती बोली ऐकून थबकले. जन्मभर त्यांनी ऊसतोड टोळीची मुकादमी केलेली.

"लेकरा, खाडा पडंल म्हणून भ्यालास व्हय?"

ऊसतोडीत दिवस बुडाला की मजुरीतून कापतात, तो खाडा. करण हळूच म्हणाला, "काका, एवढं जहाज माघारी फिरलं तर केवढा बसंल? आयबापानं जलमभर कोयता चालवला तरी फिटायचा न्हाई."

"अरं, मी मुकादम हुतो. लई खाडे कापले. माझ्यावर इस्वास ठेव, तिथं खाडा नसतो."

"आबा, तुमच्यावर विश्वास ठेवणारा अजून जन्मायचाय," अश्विनी म्हणाली. "करण, खर्च कंपनी आणि तिचा विमा उचलतात. तुझ्या पगारातून रुपया जाणार नाही. आता सांग."

"दाबलं तर सोसतंय. हात काढला की जीव जातोय."

ही अपेंडिक्सची खूण. अश्विनीने कॅप्टनला जहाज वळवायला सांगितलं. लगेच कंपनीच्या साहेबाचा फोन. "मॅडम, वळवू नका हे सांगायचे पैसे देतो आम्ही तुम्हाला."

"एवढंच सांगायचं असेल तर पाटी लावा. स्वस्त पडेल."

"गेलं गिऱ्हाईक," म्हणत कारभारींनी तिचाही चहा पिऊन टाकला.

जहाज कोलंबोला लागलं आणि अपेंडिक्स फुटायच्या आत करणचं ऑपरेशन झालं.

पुढे, जहाज वेळेत वळवलं नसतं तर भर समुद्रातून हेलिकॉप्टरने रोगी उचलायला काय पडलं असतं, हे त्याच साहेबाने मांडून पाहिलं आणि बाकीची जहाजंही अश्विनीकडे दिली. करण बरा होऊन परत गेला, आता मुख्य स्वयंपाकी आहे. त्याच्या आईवडिलांनी कोयता ठेवून शिर्डीत नाष्ट्याची गाडी टाकली. कारभारी लेकीच्या खोलीत खुर्ची टाकून बसतात आणि पडद्यावर मराठी पोरगं दिसलं, की दुखणं विचारायच्या आधी गाव विचारतात.