आटे गेलेली डबी

तिने डबीचं झाकण घट्ट पिळलं. ते नुसतंच फिरत राहिलं. आटे झिजले होते. आतला जेलचा तुकडा तिने वजनकाट्यावर ठेवला. निम्मं पाणी उडून गेलेलं.

याच डबीतल्या तुकड्यांनी गेल्या महिन्यात विक्रम केला होता. भरपूर पाणी धरूनही गुडघ्यातल्या कूर्चेइतका कडक जेल. त्यात पेशी वाढवायच्या आणि झिजलेला सांधा भरून काढायचा, असा सहा वर्षांचा खटाटोप. लेख स्वीकारला गेला होता. जिन्यात अभिनंदनाचा फलकही लागला होता. नाव तिचं, फोटो सरांचा.

तिने धड झाकणाच्या डबीतले तीन तुकडे यंत्राखाली दाबले. तिन्ही निमूट फुटले.

“सर, तो आकडा खरा नाही.” तिने डबी त्यांच्या टेबलावर ठेवली. “तुकडे वाळले होते. वाळल्यावर काय, पावही कडक होतो.”

सरांनी झाकण फिरवून पाहिलं. मग उलटं फिरवून पाहिलं.

“ही टाकणार होतीस?”

“हो.”

“टाकू नकोस. अशा अजून आहेत का बघ.”

तिला वाटलं, थट्टा करताहेत. सरांनी ड्रॉवर उघडून डबी आत ठेवली, चष्मा ठेवावा तशी जपून.

“अगं, लेखाचं प्रूफ आज जायचंय. तुझी पदवी त्याच्यावर, माझा पुढचा प्रकल्प त्याच्यावर. पेशंटपर्यंत पोचायला अजून वीस वर्षं आहेत. तोवर करेल कुणीतरी खरंच कडक.”

ती जागेवर येते तोच आईचा फोन.

“आज जिना उतरायला दहा मिनिटं लागली बघ. शेजारीण विचारत होती, ऑपरेशन का नाही करत. म्हटलं, लोखंड कशाला बसवू? आमचं घरचं तयार होतंय.”

“हं.”

“झालं ना गं ते? फलक लागलाय म्हणालीस.”

“जेवलीस का तू?” तिने विचारलं.

फोन ठेवून तिने प्रूफ उघडलं. तो आकडा तिसऱ्या पानावर ठळक अक्षरात होता. तिने शेवटपर्यंत वाचलं, एक स्वल्पविराम दुरुस्त केला आणि ‘मंजूर’ दाबलं.

मग हॉस्पिटलला फोन लावून आईचं नाव सांगितलं.

“कुठला गुडघा?” पलीकडच्या बाईने विचारलं.

“दोन्ही.”

“यांनी दोन वर्षांपूर्वी तारीख रद्द केली होती. काहीतरी नवीन येतंय म्हणाल्या होत्या.”

“हो,” ती म्हणाली. “लवकरातली लवकर तारीख द्या. धातूचेच बसवायचेत.”