दोनशे ग्रॅमचं माप

"स्वेटर काढ तिचा," मी म्हटलं, तर निकितानं पोरीला अजूनच घट्ट धरलं. वैशाखातली दुपार, अंगणवाडीचा पत्रा तापलेला, आणि सव्वा वर्षाच्या ईश्वरीच्या अंगात लोकरीचा स्वेटर. सर्दी झालीये, निकिता म्हणाली. मागच्या महिन्यातही सर्दीच होती. तेव्हा रांग मोठी होती, म्हणून मी पोर तशीच काट्याच्या झोळीत बसवली आणि वजन लिहून मोकळी झाले. पिवळा ठिपका.

सिन्नरच्या अलीकडच्या या गावात मी, सुवर्णा, बावीस वर्षं अंगणवाडीताई आहे. आमच्याकडे हिरवा ठिपका म्हणजे पोर छान, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे धोका. लालवाल्यांना महिनाभर इथंच जादा खाणं आणि डॉक्टरची तपासणी. वजनं उरकली की बाहेर ओट्यावर बसलेल्या बायकांसमोर मी नावं वाचते. लाल शेवटी, आवाज चढवून. गोड बोललं की या कानानं ऐकतात, त्या कानानं सोडून देतात. चारचौघांत लाज गेली की आई बरोबर खायला घालते, असं माझं ठाम मत. फटकळच आहे मी.

फेब्रुवारीत मी ईश्वरीचं नाव असंच वाचलं होतं. निकिताची सासू सिंधुबाई तिथंच बसलेली. सिन्नरच्या बाजारात भाजी विकणारी, मानी बाई. "आमच्या घरात काय अन्नाचा तोटा हाय व्हय?" एवढंच बोलून ती उठली, आणि घरी गेल्यावर सुनेला काय काय ऐकवलं ते गल्लीनं ऐकलं. पुढच्याच महिन्यात पोर पिवळ्यात आली. मी आमच्या सुपरवायझर मॅडमना फुशारकीनं सांगितलं, बघा, बोललं की फरक पडतो.

निकिता आज मुद्दाम सगळ्यांत शेवटी आली होती. काय करावं या विचारात मी असतानाच ईश्वरीला उलटी झाली आणि स्वेटर भिजला. मग मी विचारलंच नाही, स्वतः बटणं सोडली. स्वेटर फरशीवर पडला तो ठण्णकन. आत, पाठीच्या बाजूला, जुन्या साडीचा खिसा शिवला होता. खिशात लोखंडी माप निघालं, दोनशे ग्रॅमचं. हे माप सिंधुबाई दोन महिने शोधत होती. त्यापायी बाजारात शेजारी बसणाऱ्या भागीबाईशी तिनं अबोला धरला होता.

मी उघड्या अंगानं पोरीचं वजन केलं. लाल. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी पोर, आणि दोन महिन्यांचं जादा खाणं माझ्या फुशारकीत गेलं होतं. अगं बये, आई आहेस का कोण, असे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

निकितानं पदरानं पोरीचं तोंड पुसलं.

"लाल लिहा, ताई. पण बाहेर वाचू नका. तुम्ही वाचलं त्या दिवसापासून मला घास जात नाही. दूधबी आटलं."

बावीस वर्षांत मी किती नावं वाचली असतील? त्यातल्या कितीजणी त्या दिवशी जेवल्या असतील, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. मी लाल ठिपका लावला, ईश्वरीला उद्या सकाळपासून इथं आणायला सांगितलं, आणि तूही इथंच जेवायचं, असं निकिताला म्हटलं. तिनं नुसती मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि का बसावा?

बाहेर बायका ताटकळल्या होत्या. मी वही काखेत धरून दारात उभी राहिले.

"आजपासून नावं वाचायची नाहीत. ज्याचं त्याला मी घरी येऊन सांगेन."

बायका पुटपुटत उठल्या. सिंधुबाई तेवढी जागची हलली नाही. निकिता माझ्या मागं, पोरीला पदराखाली घेऊन.

"आमची कशात हाय?" सिंधुबाईनं विचारलं.

"संध्याकाळी येते ना," मी म्हणाले, आणि मूठ पाठीमागं नेली. मुठीतलं तिचं माप घामानं ओलं झालं होतं.